पेनानं काढलेला बाण

होनपबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर तीन दारांचं कपाट होतं. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आयर्लंडमधल्या एनिसमध्ये सहा वर्षं काढल्यावर आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो. पहिल्या दारामागे तूरडाळ, पोहे, शेंगदाणे. दुसऱ्यामागे मसाले आणि लोणच्याच्या बरण्या. तिसऱ्या दारावर बाईंनी आपल्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'आर्क्टिक. हात लावू नये.'

ही थट्टा नव्हती. २०२०च्या मार्चमध्ये बाईंचं विद्यापीठ एका दुपारी बंद झालं. घरी जाताना कुणी लॅपटॉप नेला, कुणी खुर्ची नेली, एकानं कुंडी नेली म्हणे. बाईंनी दगड आणले. उत्तर ध्रुवाजवळच्या एका गुहेतून आणलेले अकरा दगड, प्रत्येक जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. परवानगी घेतली होती का, असं मी विचारलं. "कुणाची घेणार? सगळे पळत होते," बाई म्हणाल्या, आणि दार लावून टाकलं.

बाई म्हणजे डॉ. प्रमिला होनप, आमच्या शेजारीण. इथल्या जुळ्या घरांत दोन घरांना मिळून एक भिंत असते, ती आमची आणि त्यांची. तेव्हा त्यांना चौसष्टावं चालू होतं. साताऱ्याच्या एका कॉलेजात बावीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवून, पन्नाशी उलटल्यावर, जेव्हा लोक गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात तेव्हा, त्या संशोधनासाठी युरोपात आल्या. त्यांचं उरलेलं चरित्र मला ठाऊक नाही. होनप हे माहेरचं आडनाव की सासरचं, हेही मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तुमच्या कामाचं आहे का?" एवढंच ऐकायला मिळालं असतं.

पहिल्या दिवशी माझी बायको केतकी त्यांना सहज 'काकू' म्हणाली. केतकी इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे, दिवसाला पन्नास माणसांशी गोड बोलते. "मी कुणाची काकू नाही," बाई म्हणाल्या. "बाई म्हण. बावीस वर्षं पोरांनी बाईच म्हटलंय, कानांना सवय आहे." त्यानंतर त्यांनी तिला दोन वाट्या आमटी दिली, म्हणजे राग नव्हता. पण काकूही नव्हतं.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे 'ग्रँड'. आयर्लंडमध्ये सगळंच ग्रँड असतं. तब्येत ग्रँड, हवा ग्रँड, पायावरून गाडी गेली तरी ग्रँड. पोस्टमन दारात "ग्रँड डे" म्हणाला की बाई चष्म्यावरून बघून विचारायच्या, "हाउ ग्रँड? कालच्यापेक्षा जास्त की कमी?" तो बिचारा ढगांकडे बघायचा. पुढे पुढे तो स्वतःच सांगायला लागला, "कालच्यापेक्षा थोडा कमी, डॉक्टर." मोजल्याशिवाय बोललेलं बाईंना खपत नसे. त्यांचा आवडता शब्द 'पुरावा' होता. मी आज लवकर उठलो म्हटलं तरी पुरावा मागायच्या.

लवकर उठण्याचा पुरावा मात्र त्या स्वतः रोज द्यायच्या. सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडून धप, धप, धप असा आवाज सुरू व्हायचा, तो वर जायचा, मग खाली यायचा. पहिला आठवडा मला वाटलं गरम पाण्याच्या टाकीत काही बिघाड आहे. शेवटी जाऊन विचारलं. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या पाठीला एक सॅक होती आणि सॅकमधून बासमतीच्या दहा किलोच्या पोत्याचे कान बाहेर आले होते.

"चाळीस फेऱ्या," त्या म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "गुहेच्या तोंडापर्यंत चढ आहे. सगळा सैल दगड. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. मागच्या खेपेला मी सगळ्यांच्या शेवटी पोचले."

"आणि आता?"

"आता शेवटी पोचायचं नाही."

मागची खेप २०१९च्या उन्हाळ्यातली. पुढची २०२१च्या जुलैत होती, आणि त्याच ऑगस्टमध्ये बाईंना पासष्ट पूर्ण होऊन नोकरी संपणार होती. म्हणजे त्या गुहेत पुन्हा जायची ही एकच संधी. घर, पदक, सत्कार, यातलं काही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. हवी होती ती एवढी एक खेप, त्यासाठी तांदूळ पाठीवर घेऊन रोज जिना चढायचा.

दगडांत एवढं काय आहे, ते त्यांनी मला ओट्यापाशी उभं राहून समजावलं. मी शॅननकडच्या एका कारखान्यात काम करतो, तिथं हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनतात. माझं खातं क्वालिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधणं. दगडातलं मला शून्य कळतं. बाईंनी एक दगड टॉवेलातून काढून माझ्यासमोर ठेवला. हाताच्या पंजाएवढा, साखरेच्या पाकासारखा पिवळट, आणि कापलेल्या बाजूला बारीक रेघांचे थर.

"पाणी गुहेच्या भिंतीवरून ओघळतं. त्यातला चुना मागे राहतो. थरावर थर बसतो. पटलं?"

"पटलं."

"आता ही गुहा जिथं आहे तिथली जमीन आज बारा महिने गोठलेली आहे. पाणी आत झिरपतच नाही. गुहा कोरडी ठणठणीत. मग हा दगड वाढला कधी?"

मी दगड उलटसुलट फिरवून बघितला.

"जमीन गोठलेली नव्हती तेव्हा. दगड आहे याचा अर्थच तिथं एके काळी ऊब होती, पाऊस होता. थर जाड म्हणजे पाणी भरपूर. थर पातळ म्हणजे गारठा वाढतोय. थर संपला म्हणजे सगळं गोठलं. बाकी सगळे अंदाज करतात, सामंत. याला अंदाज करावा लागत नाही. हा तिथं होता."

त्या वर्षी गणपतीत आयर्लंडभरच्या मराठी मंडळींनी झूमवर आरती केली. आरतीनंतर गप्पा निघाल्या, आणि डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या एका गृहस्थांनी बाईंना गाठलं. कॉम्प्युटरमधले मोठे अधिकारी, दर वाक्यात एकदा 'बेसिकली'. ते म्हणाले, "मॅडम, बेसिकली तुम्हीच सिद्ध करताय ना, की आर्क्टिक पूर्वीही गरम होतं? मग आता एवढा आरडाओरडा कशाला? नॅचरल आहे यार हे."

पडद्यावर तीस चौकटी होत्या. बाईंच्या चौकटीत त्यांचा अर्धाच चेहरा दिसत असे, कारण कॅमेरा नीट लावायला त्यांना वेळ नसे.

"तुमच्या घरात थर्मामीटर आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे ना. कोविडमुळे दोन आहेत."

"ताप पूर्वीही येत होता लोकांना. नॅचरल आहे. मग ते दोन्ही फेकून द्या." आणि पुढे म्हणाल्या, "पूर्वी गरम झालं तेव्हा काय काय झालं हे मी दगडात वाचते. ते वाचून मला झोप लागत नाही. तुम्हाला लागत असेल तर तुम्ही वाचलेलं नाही."

गृहस्थांनी माइक बंद केला. प्रसादाच्या वेळी माझ्या फोनवर सतरा निरोप आले, निम्मे 'या बाई कोण?' असे आणि निम्मे 'या बाईंना आवरा' असे. मी दोन्ही निरोप बाईंना वाचून दाखवले. दुसरा ऐकून त्या खूश झाल्या.

२०२१च्या जानेवारीत पुन्हा टाळं लागलं. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे फिरायला जायचं नाही, असा नियम होता. बाईंनी नकाशा घेतला, आपल्या घरावर कंपासाचं टोक रोवलं आणि वर्तुळ काढलं. एनिसच्या उत्तरेला बरेनच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत, बाईंचा जीव तिकडे. पण त्या टेकड्या वर्तुळाच्या बाहेर पडत होत्या. मग दर रविवारी बाई वर्तुळाच्या रेघेपर्यंत चालत जायच्या. मीही बरोबर असायचो. आपला पिवळा रेनकोट घालून, वाऱ्यात छत्री न उघडता, त्या एका शेताच्या फाटकापाशी येऊन थांबायच्या आणि क्षितिजाकडे बघत पाच मिनिटं उभ्या राहायच्या. त्यांचे बूट रेघेवर असायचे. आत नाही, बाहेर नाही.

एका रविवारी गार्डांची, म्हणजे इथल्या पोलिसांची गाडी थांबली. तरुण गार्डानं काच खाली करून विचारलं, "कुठं निघालात?"

"कुठंच नाही," बाई म्हणाल्या. "पोचलो."

"घरापासून किती दूर आहात?"

बाईंनी खिशातून नकाशा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं वर्तुळ बघितलं, फाटक बघितलं, बाईंचे बूट बघितले. "फेअर प्ले टु यू," तो म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत शाबास. "तसं दोन पावलं पुढे गेलात तरी मी काही म्हणणार नाही."

"मी म्हणेन," बाई म्हणाल्या.

त्या वाटेवरच त्यांनी मला विचारलं की कारखान्यात नोंद चुकली तर आम्ही काय करतो. मी सांगितलं. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, कारण लिहायचं, सही, तारीख. आणि महत्त्वाची नोंद असेल तर दुसऱ्या माणसानं ती वाचून साक्षीची सही करायची. बाईंना हे फार आवडलं. "चूक दिसली पाहिजे," त्या दोनतीनदा म्हणाल्या. "चांगला नियम आहे. कुणाच्या तरी अंगाशी आल्यावरच केला असणार."

त्यानंतर महिन्याभरातच तो नियम त्यांच्या दारात आला, आणि आणला मी.

झालं असं की गुहेवरचा पेपर तयार होत आला होता. त्याला वहीची पानं जोडायची होती आणि बाईंच्या फोनचा कॅमेरा यथातथाच. मी दुपारी त्यांच्या टेबलापाशी बसून एकेक पान माझ्या फोननं टिपत होतो. गुहेतली वही, कडा ओलाव्यानं फुगलेल्या. बोटं गोठलेली असताना काढलेलं वेडंवाकडं अक्षर, सगळं पेन्सिलीत. सातव्या दगडाच्या पानावर आलो आणि माझा हात थांबला. माझं काम म्हणाल तर हेच आहे. रोज शंभर पानं चाळायची आणि एका ओळीची शाई वेगळी दिसली की थांबायचं.

"बाई, इथं सगळं पेन्सिलीत आहे. हा बाण तेवढा पेनात आहे."

बाई चहा गाळत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"दाखवा."

प्रत्येक दगडाच्या चित्राशेजारी एक बाण असायचा, दगडाची वरची बाजू कुठली ते सांगणारा. वरची बाजू म्हणजे नवी, खालची म्हणजे जुनी. वाचायला कुठून सुरुवात करायची ते त्या बाणावर ठरतं. बाकी दहा पानांवर बाण पेन्सिलीत होता. इथं निळ्या पेनात होता.

"गुहेत पेन चालत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "शाई गोठते. म्हणून तर पेन्सिल." मग त्यांनी वही उजेडाकडे धरली. "म्हणजे हा बाण मी गुहेत काढलेला नाही."

त्यांना आठवलं. शेवटचा दिवस होता, वाऱ्याचा जोर वाढत होता, बाहेरून हाका येत होत्या. भिंतीतून आलेल्या एका कंगोऱ्याचा तुकडा तुटून खाली पडलेला होता. त्यांनी तो उचलून पिशवीत टाकला, बाण तंबूत काढू म्हणून. तंबूत स्टोव्ह होता, ऊब होती, पेन चालत होतं. बाण आठवणीतून काढला.

दगड बघून कळत नाही का, मी विचारलं. "कधीकधी कळतं. हा गप्प आहे. दोन्हीकडून तुटलेला." वय मोजून? "इतका जुना आहे की वयातली चूक दगडाच्या जाडीपेक्षा मोठी."

आणि नेमका हाच दगड पेपराचा मुख्य दगड होता. त्याच्या एका टोकाचे थर जाड होते आणि दुसऱ्या टोकाकडे बारीक होत गेले होते. बाणाप्रमाणे वाचलं तर आर्क्टिकमध्ये ऊब हळूहळू आली आणि एकदम गेली. बाण उलटा असेल तर ऊब एकदम आली आणि हळूहळू गेली. बाईंनी आणि त्यांच्या प्रोफेसरांनी पहिली गोष्ट दोन परिषदांत आकृती काढून दाखवली होती. लोकांनी ती आपापल्या कामात घेतलीही होती.

"मी बोललोच नसतो तर बरं झालं असतं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

"तर मी उलट्या दगडावर उभी राहून मेले असते," बाई म्हणाल्या. "चहा घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोफेसरांना फोन लावला आणि मला वही धरून कॅमेऱ्याच्या बाहेर बसवलं. मोहिमेचे प्रमुख तेच, युरोपातल्या दुसऱ्या देशातले, मऊ आवाजाचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रमिला, हा एक दगड आपण बाजूला ठेवू. दहा दगड पुरेसे आहेत. पेपर थोडा बारीक होईल, इतकंच. कुणाला काही कळवायची गरज नाही."

"आकृती दाखवलीय आपण. ज्यांना दाखवली त्यांना कळवायचं."

"कळवलं तर परवानगी देणारी समिती विचारेल, बाकीच्या दगडांच्या नोंदी कशावरून बरोबर? मोहीम अडेल. मग मला त्यांना सांगावं लागेल की नोंदी ठेवणारी व्यक्ती या वेळी मोहिमेत येणार नाही. ती तू आहेस. मला हे बोलायला आवडत नाही."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता त्या वाद घालतील, पुरावा मागतील. त्या दोन शब्द बोलल्या.

"मग सांगा."

"विचार कर. शुक्रवारपर्यंत वेळ घे."

"शुक्रवारी मला दुसरी कामं आहेत," बाई म्हणाल्या आणि फोन बंद केला.

बंद झालेल्या पडद्यासमोर त्या चष्मा पुसत बसल्या. काचा केव्हाच स्वच्छ झाल्या होत्या. मला उठावं की बसावं कळेना. "मला जायचं होतं हो, सामंत," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती, मी वहीच्या पानाकडे बघत राहिलो. मग त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, निळ्या बाणावर एक रेघ मारली, खालचा बाण दिसेल अशी, आणि सही-तारीख टाकली. शेजारची जागा कोरी ठेवली. "काय लिहायचं तेच माहीत नाही अजून," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी पत्र लिहून सगळ्यांना पाठवलं. पत्राची पहिली ओळ मला वाचून दाखवली : 'आमच्या आकृतीतली दिशा मी आठवणीवरून नोंदवली होती, ती ग्राह्य धरू नये.' आमच्या कारखान्यात अशी ओळ लिहायला चार माणसांची बैठक आणि तीन मसुदे लागतात.

समितीनं मोहिमेला परवानगी दिली. यादीतून बाईंचं नाव गेलं.

त्या रात्री केतकी मला म्हणाली, उद्यापासून आता जिना शांत. सकाळी साडेसहाला आम्ही दोघंही जागे होतो, भिंतीकडे बघत. धप, धप, धप. मी मोजत होतो. चाळीस झाल्या. एक्केचाळिसावी सुरू झाली. पन्नासाला थांबल्या. केतकी पांघरूण डोक्यावर ओढून रडली, आणि मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

त्याच दिवशी मी बाईंना विचारलं, "आता कशासाठी चढताय?"

"नाव काढलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. "पाय काढलेले नाहीत."

मार्चमध्ये त्यांनी मला बटर पेपर आणायला सांगितला, केकच्या साच्याला लावतात तो. माझी समजूत झाली की बाई बेकिंगकडे वळल्या, टाळेबंदीत सगळेच वळले होते. बाईंनी सातवा दगड टेबलावर ठेवला आणि त्याच्या दोन्ही तुटक्या कडा पेन्सिलीनं त्या कागदावर गिरवल्या, दाताएवढा खळगासुद्धा न सोडता. एका कागदावर 'अ' लिहिलं, एकावर 'ब'. त्यांचं म्हणणं सोपं होतं. तुकडा ज्या कंगोऱ्यापासून तुटला त्याचा बुंधा अजून गुहेच्या भिंतीला असणार. थर भिंतीपासून बाहेर वाढत जातात. तेव्हा जी कड बुंध्याशी जुळेल ती जुनी. त्यांच्या बाणाप्रमाणे 'अ' जुळायला हवी होती.

कागदांबरोबर त्यांनी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. कितव्या वळणावर, कुठल्या हाताला, जमिनीपासून किती वर, सगळं. 'तुम्ही जाताय, मी नाही. तेव्हा हे तुम्हाला बघावं लागेल,' असा शेवट होता. विनंती वगैरे काही नाही. पोस्टात पाकीट देताना काउंटरवरच्या बाईनं आत काय आहे विचारलं. "बटर पेपर," बाई म्हणाल्या. "नीट पाठवा."

जुलै आला. मंडळी गुहेच्या पायथ्याशी पोचल्याचं बाईंना कळलं त्या सकाळी जिना किती वेळ वाजत होता ते मी मोजलं नाही. मी ऑफिसला निघालो तरी वाजत होता.

आठवड्यानं त्यांनी मला कुंपणापलीकडून हाक मारली. एरवी त्या हाक मारत नसत, थेट दारात येत. हातात फोन होता. प्रोफेसरांनी फोटो पाठवला होता : कपाळदिव्याच्या उजेडात गुहेची भिंत, भिंतीतला तुटका बुंधा, आणि त्यावर हातमोजा घातलेल्या हातानं धरलेला आमच्या सुपरमार्केटातला बटर पेपर. कागदावरची पेन्सिलीची रेघ दगडाच्या कडेवर तंतोतंत बसली होती. कोपऱ्यात बाईंच्या अक्षरात 'ब' होतं.

"उलटा," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी उलटं वाचलं."

खाली प्रोफेसरांनी लिहिलं होतं की या एका फोटोसाठी त्यांनी अर्धा दिवस घालवला, आणि तो वाया गेला असं त्यांना वाटत नाही. सभ्य माणूस, मी आधीच म्हटलं.

मला वाटलं बाईंना वाईट वाटेल. दोन परिषदा, मुख्य आकृती, सगळं उताणं पडलेलं. आणि ज्या भिंतीसाठी दीड वर्ष पोतं वाहिलं ती भिंत दुसऱ्याच्या फोटोत. त्या मात्र कुंपणाला धरून हसत होत्या. "सामंत, कळतंय का तुम्हाला? ऊब एकदम आली. गोठलेली जमीन सुटली ती एकदम सुटली. आम्ही जगाला सांगत होतो की सावकाश होतं, वेळ आहे." हसणं थांबलं. "वेळ आहे असं मी सांगत होते. माझ्या बाणानं."

आर्क्टिकच्या प्रेसमधले दगड ऑगस्टमध्ये विद्यापीठात परत गेले. वहीतून सातव्या दगडावर उतरवलेला जुना बाण बाईंनी पुसला नाही, त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा काढला. बाईंची नोकरी संपली आणि घर रिकामं झालं. तांदळाचं पोतं आम्हाला मिळालं. दीड वर्ष जिना चढूनही त्यातला दाणा तुटला नव्हता. आता पलीकडे एक डब्लिनचं जोडपं राहतं, फार शांत माणसं आहेत. साडेसहाला मला आपोआप जाग येते.

बाई निघाल्या त्या सकाळी बारीक पाऊस होता. टॅक्सी वाटेत विद्यापीठात थांबणार, तिथं वही द्यायची आणि पुढे विमानतळ. रिकाम्या स्वयंपाकघरात बाईंनी वही ओट्यावर उघडली आणि कोरी ठेवलेली जागा मला दाखवली. ती आता भरली होती. "साक्षीदार," त्या म्हणाल्या. "तुमचाच नियम." मी सही केली. तिसऱ्या दारावरची चिठ्ठी निघाली होती, तिच्या चिकटपट्टीचा चौकोन तेवढा राहिला होता, आणि मला पान धड दिसत नव्हतं.

टॅक्सी निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मग तशीच उलटी मागे आली. पिवळा रेनकोट खाली उतरला.

"सामंत, वाचून सही केलीत?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "नाही, बाई."

"रोज दुसऱ्यांना शिकवता ना?"

त्यांनी वही टॅक्सीच्या बॉनेटवर ठेवली आणि रेनकोटाची एक बाजू तिच्यावर छपरासारखी धरली. ड्रायव्हरनं काच खाली करून बघितलं आणि इंजिन बंद केलं. "मोठ्यानं वाचा," बाई म्हणाल्या.

मी फाटकाशी उभा राहून वाचलं. " 'दिशा गुहेत नोंदवली नाही. तंबूत आठवणीवरून काढली. उलटी निघाली. पडताळणी दुसऱ्यांनी केली. चूक माझी. प्रमिला होनप.' "

"पुढे?"

"पुढे काही नाही. तारीख आहे." आणि मग सवयीनं, दुसऱ्या कशानं नाही, माझ्या तोंडून गेलं, "हे पेनात आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "गुहेत नाही लिहिलेलं."

त्यांनी वही बंद करून रेनकोटाच्या आत धरली आणि टॅक्सीत बसल्या. या वेळी टॅक्सी कोपऱ्यावर थांबली नाही.